मालकाच्या रकान्यातलं नाव

नोटीस आली ती निंबा भटू बडगुजर या नावावर, आणि सगळा घोळ तिथेच होता. गायत्रीच्या नावावर आली असती तर तिने ती गुपचूप वकिलाकडे नेली असती आणि घरात कुणाला वासही लागू दिला नसता. पण पोस्टमनने सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत "निंबाभाई!" अशी हाक मारली, गायत्रीचे वडील, म्हणजे आबा, बनियनवरच खाली उतरले, ऐटीत सही केली, आणि इंग्रजी कागद म्हणजे बँकेचाच असणार असं समजून ते पाकीट कॅलेंडरमागे खोचून टाकलं. तिथे ते चार दिवस आरामात पडून होतं. शनिवारी तिच्या आईने, पुष्पाबाईंनी, चतुर्थी बघायला कॅलेंडर उचललं तेव्हा ते खाली पडलं.

"हाई काय शे, बघ बरं," आबा अहिराणीत म्हणाले.

गायत्रीने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर ती पलंगावर बसली. कडोदऱ्याच्या वल्लभशेठच्या वकिलाची नोटीस होती. 'फणी' नावाच्या संगणक-प्रणालीचे मालक आणि निर्माते श्री. निंबा भटू बडगुजर यांच्या सदोष प्रणालीमुळे आमच्या अशिलाच्या सहा लूमवरचं साडीचं कापड वाया गेलं, तरी नुकसान भरून द्यावं, पंधरा दिवसांत उत्तर द्यावं, नाहीतर कोर्टात भेटू. पंधरातले चार दिवस कॅलेंडरमागे गेलेलेच होते.

आता निंबा आबांचा आणि संगणकाचा संबंध काय, तर काही नाही. आबांचा मोबाइलसुद्धा बटणांचा. पारोळ्याकडून विशीत सुरतेला आले आणि एकतीस वर्षं खात्यांत मास्तर म्हणून राबले. कापडाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात, आणि बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा तो मास्तर. लूमच्या आवाजावरून कुठला नट सैल आहे ते सांगणारा माणूस. पण माउस धर म्हटलं तर त्यांनी तो उलटा धरला असता.

'फणी' बनवली होती गायत्रीने. ती दिवसभर कापड मार्केटमध्ये एका डिझाइनच्या ऑफिसात बसायची. साडीच्या काठावरचे मोर, कोयऱ्या, वेली संगणकावर काढायच्या आणि कापडात नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या यंत्राला समजेल अशी त्याची फाइल करून द्यायची, हे तिचं काम. त्याचं महागडं सॉफ्टवेअर परदेशातून येतं. छोट्या खातेवाल्याला ते परवडत नाही, म्हणून तो एकेका फाइलसाठी अशा ऑफिसांचे उंबरे झिजवतो. गायत्रीला ते बघवेना. तिने घरी बसून स्वतःचं एक साधं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. नुसतं फुकट नाही, आतली सगळी बांधणीच उघडी ठेवली. कुणीही घ्या, बघा, बदला, दुसऱ्याला द्या. मग भेस्तानचा श्रीरंग येऊन मिळाला. मूळचा नांदेडचा, खासगी कॉलेजात संगणक शिकवणारा. मग कडोदऱ्याचा संदीप, वाशिमकडचा, जकार्डची इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, दुरुस्त करणारा. तिघांनी मिळून चार वर्षांत फणी अशी उभी केली की तीनेकशे खात्यांत ती चालायला लागली. पगार नाही, ऑफिस नाही, दारावर नावाची पाटी नाही. रविवारी सकाळी श्रीरंगच्या घरी पोहे खायचे आणि काम करायचं.

आणि मालकाच्या रकान्यात आबांचं नाव? ती एक वेगळीच गंमत आहे. असं सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवताना पहिल्या पानावर हक्क कुणाचा ते लिहावं लागतं. गायत्रीने ते पान लग्नपत्रिकेसारखं भरलं. आपल्याकडे पत्रिका कशी असते? लग्न पोराचं, खर्च बापाचा, पण निमंत्रक म्हणून वर नाव घरातल्या वडीलधाऱ्याचं. भावाच्या, ललितच्या लग्नात तर ज्या काकांशी आठ वर्षं बोलणं नव्हतं त्यांचंही नाव वर छापलं होतं, आणि ते आलेच नाहीत. तशीच तिने सगळ्यात वर 'निंबा भटू बडगुजर, गोडादरा, सुरत' असं घातलं. खाली बारीक अक्षरांत बाकीच्यांची. श्रीरंगनेही तेव्हा "छान, मोठ्यांचा आशीर्वाद" म्हणून मान डोलावली होती. एवढी शिकलेली तीन माणसं, पण हा कागद उद्या वकील वाचेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"काही नाही आबा, ऑफिसच्या कामाचं आहे," गायत्री म्हणाली.

"मंग मन्हा नाववर कसाले?"

"चुकून."

आबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. हे वाईट लक्षण होतं.

दुसऱ्या दिवशी भेस्तानला पोहे तसेच गार झाले.

"मी दोन वर्षं बोंबलतोय!" श्रीरंग म्हणाला. "संस्था नोंदवा, संस्था नोंदवा. कलम आठची, बिननफ्याची कंपनी करा, ट्रस्ट करा, काहीतरी करा. नोटीस आली तर कंपनीवर येईल, आपल्या उरावर नाही. तेव्हा कोण म्हणालं होतं की कागदपत्रं म्हणजे विकतचं दुखणं?"

मीच म्हणाले होते, हे गायत्रीला सांगायची गरज नव्हती. आणि ती उगाच म्हणाली नव्हती. गोडादऱ्यात त्यांच्या गल्लीचं कानबाईचं, म्हणजे खानदेशी लोकांच्या देवीचं, मंडळ होतं. पंधरा वर्षं कुणी अध्यक्ष नाही, कुणी चिटणीस नाही, श्रावणात कानबाई बसायची आणि सगळी गल्ली नाचायची. मग एका शहाण्याने मंडळ नोंदवायचं काढलं. फॉर्ममध्ये अध्यक्षाचा रकाना होता, तो भरताना दोन गट पडले, आणि आता गल्लीच्या दोन तोंडांना दोन कानबाया आणि दोन लाउडस्पीकर. पुष्पाबाई दोन्हीकडे नारळ ठेवतात आणि दोन्हीकडून बोलणी खातात.

"रकाना आला की भांडण आलं," गायत्री म्हणायची. तिला वाटायचं, आपण तिघं आहोत, काम करतो, लोक वापरतात, यात सरकारला कशाला ओढायचं? वर्षाला सभा घ्या, इतिवृत्त लिहा, ऑडिट करा. मग फणी कोण लिहिणार?

"आता रकाना आधीच भरलाय ना तू," श्रीरंग म्हणाला. "निंबाकाकांच्या नावाने."

संदीपने पोह्यांची बशी बाजूला ठेवली. तो म्हणाला, "पण मला एक सांगा, चूक खरंच आपली आहे का लूमची? वल्लभशेठच्या खात्यात पाट्या मीच बघतो. कापड बघायला गेलो तर त्यांनी गेटवरूनच परत पाठवलं."

"ते नंतर," श्रीरंग म्हणाला. "आधी वकील."

वकील चंचलबेन श्रीरंगच्या ओळखीच्या होत्या. सोमवारी संध्याकाळी त्यांनी नोटीस वाचली, फणीचं पहिलं पान वाचलं, आणि चष्म्यावरून गायत्रीकडे बघितलं.

"फुकट दिलेली वस्तू, जशी आहे तशी घ्या असं खाली स्पष्ट लिहिलंय. कोर्टात शेठचा दावा फार टिकणार नाही," त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "पण टिकणार नाही हे ठरेपर्यंत ज्याचं नाव आहे त्याला हजर राहावं लागेल. उत्तर द्यावं लागेल. तारखा पडतील."

"आणि आता कंपनी काढली तर?" गायत्रीने विचारलं.

"पुढच्यासाठी चांगलं. झालेल्या गोष्टीला ती कशी झाकणार? आणि कंपनीला हक्क द्यायचे तर आधी ज्याच्याकडे आहेत त्याने द्यायला हवेत. कागदावर ते तुझ्या वडिलांकडे आहेत. एक तर त्यांनी सही करायची की मी हे बनवलं आणि मी हे देतो. नाहीतर तू प्रतिज्ञापत्र करायचं की त्यांचं नाव चुकून पडलं, बनवणारी मी. मग नोटीस तुझ्याकडे वळेल."

तुझ्याकडे वळेल, एवढंच गायत्रीच्या ध्यानात राहिलं. ती ज्या ऑफिसात पगार घेत होती त्याचा धंदाच मुळी खातेवाल्यांना फाइली विकायचा. फणीमुळे निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. मालक रोज चहा पिताना त्या फणीवाल्याला शिव्या घालायचा, आणि गायत्री मान खाली घालून मोराचा पिसारा काढत बसायची. तिचं नाव बाहेर पडलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. घरात कमावणारी ती एकटीच. ललित बायकोला घेऊन वापीला गेला होता आणि सणाला फोन करायचा.

मंगळवारी ती कामावरून आली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. श्रीरंगला एक वाट सुचली होती.

"हे बघ, रागावू नकोस," तो म्हणाला. "नाव काकांचंच राहू दे. त्यांच्या नावावर आहे काय? खोली काकूंच्या नावावर. बँकेत पेन्शनपुरतं. उद्या निकाल विरुद्ध गेला तरी शेठ म्हाताऱ्या माणसाकडून काय घेणार? न्यायाधीशालाही दया येईल. आपण हळूच कंपनी नोंदवू, फणी नव्या नावाने पुन्हा लिहू, आणि जुनी काकांच्या नावावर राहू देऊ. तू सुरक्षित, मी सुरक्षित, संदीप सुरक्षित."

डोक्याने बघितलं तर त्यात खोट नव्हती. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटत होतं, हे खोटं कशाला बोला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू दे त्यांचंच."

फोन ठेवून वळली तर पाण्याच्या टाकीजवळ आबा उभे होते. हातात टाकीचं झाकण. फोनचा आवाज मोठा ठेवायची तिची सवय जुनी.

"टाकी भराई गयी," आबा म्हणाले, आणि जिना उतरून खाली गेले.

जेवताना त्यांनी अर्धी भाकरी संपेपर्यंत काही काढलं नाही. मग पाणी पिऊन विचारलं, "मन्हं नाव कसाले टाकं?"

गायत्रीने सगळं सांगितलं. नोटीस काय, फणी काय, पहिलं पान काय. "मान म्हणून टाकलं, आबा," ती शेवटी म्हणाली.

"मान?" आबांनी ताट सरकवलं. "खात्यात मी लूम दुरुस्त करू, अनं त्याच्यावर खडूनं नाव लिखू. निंबा. ते मान म्हणून लिखू का?"

ही खडूची गोष्ट गायत्रीला लहानपणापासून ठाऊक होती. जुन्या खात्यांतली रीत. मास्तरने लूम उघडला, जोडला, चालू केला, की जाताना पट्टीवर खडूने स्वतःचं नाव टाकायचं. रात्रपाळीला लूम पुन्हा अडला तर कुणाला उठवायचं ते शोधत बसायला नको. आबांना कितीदा तरी असं झोपेतून उठवून नेलेलं तिने पाहिलं होतं. खडूचा तुकडा त्यांच्या खिशात कायम असायचा, आणि धुताना पुष्पाबाई त्यावरून कायम ओरडायच्या.

"नाव लिखं म्हंजे हाक मारा म्हनीसन," आबा म्हणाले. "आते माले हाक आली. अनं माले मालूमच नही काय बिघडनं."

"जाऊ द्या ना आता," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरीने मानानेच केलं ना?"

आणि तेव्हा गायत्रीच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "मानाने नाही गं माय. माझं नाव वर टाकलं असतं तर एका तरी शेठने घेतली असती का फणी? पोरीने केलेलं लूमवर कोण चढवतंय? आणि ऑफिसात कळलं तर? आबांचं नाव खात्यांत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून टाकलं."

आबांनी हात धुतला. त्या रात्री त्यांनी रोजचा रेडिओ लावला नाही.

सकाळी ती उठली तेव्हा आबा घरात नव्हते. "खाकी सदरा घाली गयात," पुष्पाबाईंनी सांगितलं. खाकी सदरा म्हणजे कामाचा सदरा. निवृत्त झाल्यापासून तो ट्रंकेत होता. गायत्री ऑफिसला निघायच्या बेतात असताना संदीपचा फोन आला.

"गायत्री, तुझे आबा इथे वल्लभशेठच्या खात्यात बसलेत. खराब झालेला कापडाचा ताका जमिनीवर उलगडून. मला गेटवरून हाकलणारा तो वॉचमन, त्याने यांना मास्तर मास्तर करत आत नेलं. लवकर ये."

तिने ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि पर्वत पाटियाहून कडोदऱ्याची शेअर रिक्षा पकडली. रिक्षेत पाच जण कोंबलेले, आणि तिच्या डोक्यात एकच. आबांनी काही कबूल तर केलं नसेल? काही लिहून तर दिलं नसेल? चंचलबेननी बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. आणि आबा म्हणजे तर काय, खरं बोलायला कुणी बोलवायचीही वाट बघत नाहीत.

खात्यात शिरल्यावर कानठळ्या बसल्या. कडेचे सहा लूम बंद होते, बाकीचे धडधडत होते. आबा जमिनीवर उकिडवे बसले होते आणि समोर साडीचं कापड लांबलचक पसरलेलं. काठावर मोरांची रांग. पहिला मोर काठाच्या बरोबर मधोमध, पण रांग पुढे पुढे तिरकी सरकत गेलेली. पंचविसाव्या मोराचं डोकंच काठाबाहेर कापलेलं. गायत्रीला बघून आबांनी तिला हाताने खाली बसवलं.

"बघ," ते कापडावर बोट ठेवत म्हणाले. "लूमनी चूक ऱ्हायती तर एकच जागे ऱ्हायती. हूक तुटेल तर सरळ रेघ पडती. हाऊ मोर दर टायमाले एक दोरा सरकना. बरोबर एक. ना दीड, ना दोन. लूम असं मोजीसन चुकत नही. हाई फाइलनं काम शे. चूक आपली शे."

संदीप बाजूला उभा राहून मान हलवत होता. गायत्रीने वाकून स्वतः मोजलं. एक दोरा, पुन्हा एक दोरा. कुठल्या ओळीत घोळ आहे तेही तिच्या लगेच ध्यानात आलं, कारण ती ओळ तिनेच गेल्या महिन्यात बदलली होती.

वल्लभशेठ खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. पन्नाशीचा, पांढऱ्या सफारीतला माणूस, आवाज मोठा, पण डोळ्यांत राग कमी आणि कंटाळा जास्त.

"मास्तर," ते म्हणाले, "वीस वरस पहला तमे मारा बापाना लूम चालू करता. हुं तमने ओळखुं छुं. आ कॉम्प्युटरनुं तमे बनाव्युं?"

आबा उठून उभे राहिले. "शेठ, मेरे घर का है," ते म्हणाले. "गलती हमारी है. ठीक करके देंगे."

"घर में किसने बनाया?"

आबा गप्प. त्यांनी गायत्रीकडे बघितलंसुद्धा नाही. एकतीस वर्षांत ज्यांनी दुसऱ्याच्या हातचं काम आपलं म्हणून सांगितलं नाही, ते खोटं बोलणार नव्हते. आणि पोरीची नोकरी जाईल म्हणून खरंही सांगणार नव्हते. खाकी सदऱ्यात ते हात बांधून उभे राहिले, मार खायला तयार झालेल्या माणसासारखे. आपल्या आबांना असं उभं राहिलेलं गायत्रीने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मैंने बनाया, शेठ," ती म्हणाली.

"तू?"

"मी. संदीप आणि श्रीरंग सोबतीला आहेत, पण ही चूक माझ्या हातची आहे. आबांचं नाव मी घातलं. त्यांना ठाऊकही नव्हतं."

शेठनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू मार्केटमां कोने त्यां बेसे छे?"

तिने एकदा आबांकडे बघितलं. मग ऑफिसचं नाव सांगितलं. शेठच्या भुवया वर गेल्या. तो मालक आणि हे शेठ एकाच मार्केटातले. संध्याकाळच्या चहापर्यंत बातमी पोहोचणार हे गायत्री, आबा आणि संदीप तिघांनाही कळलं.

"आधी हे नीट करते," गायत्री म्हणाली. "बाकीचं नंतर बोला."

लॅपटॉप पिशवीत होताच. काठातल्या दोऱ्यांची संख्या विषम असली की फणी अर्ध्यावर घडी घालताना एक दोरा जास्त मोजत होती, आणि तो दर मोराला साचत जात होता. ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली, पण पुन्हा पुन्हा तपासायला दीड तास गेला. संदीपने पेनड्राइव्हवरून फाइल चढवली. आबांनी लूम सुरू केला आणि कान देऊन उभे राहिले. हातभर कापड निघालं, मग दोन हात, मग वावभर. मोर सरळ रांगेत चालत आले.

शेठ खुर्चीतून उठून आले आणि कापड बोटांनी चाचपलं. मग हिंदीत म्हणाले, "वकिलाला मी थांबायला सांगतो. पण नुसतं तोंडी नको. उद्या परत बिघडलं तर मी कुणाला धरू? मास्तर म्हातारे. तू उद्या लग्न करून कुठे जाशील. हा संदीप गावाला गेला की महिनाभर येत नाही. तुमचं काही ऑफिस नाही, शिक्का नाही. चीज अच्छी है, म्हणून तर वापरतो. पण मला शिक्क्याचा कागद पाहिजे. जे उद्याही असेल असं काहीतरी."

दोन वर्षं श्रीरंग जे घसा फोडून सांगत होता ते शेठनी एका दमात सांगितलं. गायत्री बाहेर गेटपाशी गेली आणि फोन लावला.

"श्रीरंग, संस्था करू. कागद काढ."

"काकांचं ते तसंच ठेवायचं ना?"

"नाही. मी प्रतिज्ञापत्र करते की ते कधीच मालक नव्हते. मी बनवलं, मी देते."

"अगं, मग नोटीस तुझ्यावर—"

"येऊ दे. शेठ थांबतो म्हणालेत, नाही थांबले तर तारखांना मी जाईन. आणि एक ऐक. कोर्टाकचेरीला कंपनीचं नाव चालेल. पण फणीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर, ती ज्याने केली त्याचं नाव आणि फोन पाहिजे. अध्यक्षाचं नको. ज्याने हात लावला त्याचं. रात्री लूम अडला तर उठवायला."

"रात्री उठायला माझी बायको परवानगी देणार नाही," तो म्हणाला. "पण लिही. आणि अध्यक्ष कोण?"

"तू हो. मला दोन कानबाया नकोत."

ती परत आली तेव्हा ऑफिसच्या मालकाचे दोन मिस कॉल येऊन गेले होते. चहाची वेळसुद्धा झाली नव्हती. तिने फोन उपडा ठेवला. घरी जाऊन मायला काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

सहाही लूम आता चालू होते. आबांनी एकेक लूम हात लावून बघितला, तेलाच्या चिंधीने हात पुसले, आणि खिशात हात घातला. खडूचा तुकडा निघाला. बोटाच्या पेराएवढा, झिजलेला, सदऱ्याबरोबर इतकी वर्षं ट्रंकेत पडलेला. तो त्यांनी गायत्रीपुढे धरला.

"लिख. तुन्हं नाव."

"माझं?"

"मंग कोन्हं? मी मोजी दिन्हं. दुरुस्त तू करं."

गायत्रीने लूमच्या पट्टीवर लिहायला घेतलं. 'गायत्री' लिहून झालं आणि ती थांबली.

"पुरं लिख," आबा म्हणाले. "एकटा गोडादराम्हा पन्नास गायत्री शेतीस. हाक मारनारानी कोन्ले उठाडवं?"

मग तिने पुढचंही लिहिलं. गायत्री निंबा बडगुजर. पट्टी धडधडत होती म्हणून अक्षरं वाकडी आली.

आबांनी चष्मा लावला आणि वाचायला वाकले. पहिला शब्द वाचला. दुसऱ्या शब्दाशी जरा जास्त वेळ थांबले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळेही त्याच टोकाने पुसले, आणि खडू परत खिशात टाकला.

"आते बराबर शे," ते म्हणाले. "चाल, तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी व्हई."